शरदातलं बँडिंग: कवटी बघितली की वय कळलं, मग पिसं कशाला चाळायची?

कडेलोट
ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उत्तर अमेरिकेतल्या बँडिंग केंद्रांवर (जिथे पक्षी जाळ्यात पकडून, पायात आकडा कोरलेलं कडं घालून, वय-मापं नोंदवून सोडतात) वॉर्बलर, थ्रश, व्हिरिओ, किंगलेट, स्पॅरो अशा छोट्या पक्ष्यांची रीघ लागते. माझं म्हणणं सरळ आहे. या दिवसांत जाळ्यात येणाऱ्यांमध्ये त्याच वर्षी जन्मलेल्यांचा भरणा असतो. पिल्लाची (म्हणजे त्याच वर्षी जन्मलेल्याची) कवटी हाडाच्या एका पदराची, प्रौढाची दुपदरी. डोक्यावरची पिसं थेंबभर पाण्याने ओली करून भांग पाडायचा आणि कातडीतून बघायचं. गुलाबीसर, गुळगुळीत भाग एकपदरी. पांढुरका, बारीक ठिपक्यांचा भाग दुपदरी. वयाचं काम झालं.

पण नवशिक्याला बसवलं की तो पंख उघडतो, एकेक आच्छादक पीस (उड्डाणपिसांची मुळं झाकणारं छोटं पीस) न्याहाळतो, शेपटीची टोकं बघतो, आणि तेवढ्यात मागच्या खुंट्यांवर पक्षी ठेवलेल्या पिशव्यांची रांग वाढते. गर्दीच्या सकाळी वयासाठी कवटी पुरे, आणि पंखाची लांबी वगैरे सोडून द्यावी असं माझं मत आहे. विरोध जरूर करा, फक्त कारणासकट करा.

बारीकनजर
सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुमचं बरोबर. ऑक्टोबरच्या मध्यात धोक्याचं. नोव्हेंबरात चूक.

कवटीचा दुसरा पदर मागून पुढे भरत येतो, आणि किती दिवसांत भरेल ते जातीवर आणि पिल्लू कधी जन्मलं त्यावर ठरतं. मेअखेरच्या घरट्यातलं पिल्लू आणि ऑगस्टमधल्या दुसऱ्या विणीतलं पिल्लू एकाच दिवशी जाळ्यात आलं तर दोघांच्या कवट्या वेगळ्या दिसणारच. लवकर जन्मलेल्यांपैकी काही जण ऑक्टोबरातच पूर्ण दुपदरी होतात. म्हणजे हंगामाच्या शेवटी ‘खिडकी’ (अजून एकपदरी राहिलेला तुकडा) दिसली तर तो पुरावा आहे, पण ती न दिसणं हा प्रौढ असल्याचा पुरावा नाही. शिवाय काही थ्रश, व्हिरिओ आणि फ्लायकॅचर प्रौढ झाल्यावरही छोटीशी खिडकी ठेवून असतात. म्हणजे दोन्ही बाजूंनी फसायची सोय आहे.

सुगरण_नव्हे
वाचतेय. धाग्याला पाणी घालते: ‘बँडिंग’ला मराठीत काय म्हणायचं? कडं घालणं? वाळा घालणं?

टोचणी
वाळा छान आहे. बाळसं धरलेल्या ब्लॅकपोल वॉर्बलरला तर शोभूनच दिसेल. पण ‘आज सकाळी १४० वाळे घातले’ म्हटलं की सराफाचं दुकान वाटतं.

बारीकनजर
कडं म्हणू या. हातच्या कंकणाला आरसा लागत नसेल, पायातल्या कड्याला मात्र भिंग लागतं. आकडे तेवढे बारीक असतात.

मोजपट्टी
कडेलोट, कवटी बघण्याची कृती तुम्ही एका ओळीत उरकलीत. अडतं कुठे तेही लिहायला हवं, कारण ‘कवटी पुरे’ म्हणणारे निम्मे लोक कवटी नीट बघतच नाहीत.

पक्षी बँडरच्या पकडीत: पाठ तळव्याला, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, बाकीची बोटं पिंजऱ्यासारखी सैल. छातीवर दाब नको. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नाही. छातीचं हाड पुढेमागे झालं तरच हवा आत-बाहेर जाते. छाती आवळली की श्वास थांबला. मग अंगठा आणि तर्जनीने जबड्याच्या दोन्ही बाजूंनी डोकं स्थिर करायचं. कानाच्या मागून भांग पाडायचा आणि तोच भांग कातडीसकट हळूच वर सरकवत नेत कवटीचे वेगवेगळे भाग बघायचे. दहा ठिकाणी भांग पाडायची गरज नाही. पाणी एक-दोन थेंब. थंडीच्या सकाळी पाच-सहा ग्रॅमच्या किंगलेटचं डोकं चिंब करणं हा गुन्हा समजावा.

फसायच्या जागा: डोक्यावर नवी पिसं फुटत असतील तर त्यांच्या कोंबांमुळे काही दिसत नाही. मानेशी चरबी जास्त असेल तर मागचा भाग झाकला जातो. जाड कातडीच्या जातींत सीमारेषा पुसट असते. ढगाळ उजेडात गुलाबी आणि पांढुरका सारखेच दिसतात, म्हणून दिवा एका बाजूने तिरपा पाडा आणि डोक्याला बांधायचं भिंग वापरा. रंगापेक्षा ठिपक्यांवर भरवसा ठेवा. ते ठिपके म्हणजे दोन पदरांना जोडणारे हाडाचे बारीक खांब आहेत.

पिसारीलाल
आता पिसांची बाजू मांडतो. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं पहिल्या शरदाआधी अर्धवट पिसं बदलतात: अंगावरची सगळी, पंखावरची थोडी. उड्डाणपिसं, शेपूट आणि प्राथमिक आच्छादकं (पंखाच्या टोकाकडच्या उड्डाणपिसांवरची) घरट्यात उगवलेलीच राहतात. प्रौढ मात्र विणीनंतर नखशिखांत नवी पिसं घेतो. म्हणून बघायचं ते असं:

बृहत् आच्छादकांत (पंखावरच्या आच्छादकांची सर्वांत मोठी रांग) आतली नवी, बाहेरची जुनी असा तुटक बदल दिसतो का? जुनं पीस जास्त तपकिरी, विणीने विरळ आणि आखूड असतं. मग प्राथमिक आच्छादकं. पिल्लाची अरुंद, निमुळती, कडा फिक्या आणि विटलेल्या. प्रौढाची रुंद, गडद, कडा ठसठशीत. शेवटी शेपटीची पिसं: पिल्लाची टोकदार, प्रौढाची बोथट. शेपटीला एकट्याने मत देऊ नये, तिने फक्त अनुमोदन द्यावं.

स्वेन्सन्स आणि हर्मिट थ्रशला तर भिंगही लागत नाही. पिल्लाच्या आच्छादकांच्या टोकांना फिक्या बदामी रंगाचे ठिपके असतात. रेड-आइड व्हिरिओचं पिल्लू डोळ्यावरून ओळखा: बुबुळ तपकिरी. प्रौढाचं लाल. एवढं दिसत असताना डोकं ओलं करायचंच कशाला?

कडेलोट
पिसारीलाल, हेच ‘तुटक बदल’ प्रकरण नवशिक्याला पाच मिनिटं अडकवतं. प्रौढाच्याही आतल्या आच्छादकांचा रंग बाहेरच्यांपेक्षा वेगळा असतो, तो बदल समजून तो ‘पिल्लू’ म्हणून मोकळा होतो.

पिसारीलाल
खरं आहे. रंग बघितला की फसगत, झीज आणि पोत बघितला की नाही. नैसर्गिक फरक पिसागणिक हळूहळू सरकत जातो. खरी सीमा एका पिसात उडी मारते. आणि तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतो: स्टारलिंग आणि घरचिमणी यांची पिल्लंही पहिल्याच शरदात सगळी पिसं बदलतात. एकदा ती बदलली की पिसं मुकी. तिथे कवटीच.

अवांतरराव
अवांतर: पानगळीत जाळ्यात पक्ष्यांपेक्षा पानं जास्त येतात, त्याचं काय करायचं? वय नंतर काढू.

जाळीदार
अवांतर कसलं, हे तर मुख्य काम.

नेहमीचं मिस्ट नेट (पक्ष्याला सहज न दिसणारं बारीक जाळं) १२ मीटर लांब, २.६ मीटर उंच, चार झोळांचं (पक्षी ज्यात पडतो ते सैल खिसे). वॉर्बलरसाठी ३० मिलिमीटरची जाळी, थ्रश जास्त असतील तर ३६. थ्रशला ३० मिमी लहान पडते, तो झोळात न अडकता आपटून निसटतो. उलट ३६ मध्ये किंगलेट खांद्यापर्यंत आत घुसतो आणि सोडवायला जीव काढतो.

आडव्या दोऱ्या ताणलेल्या, जाळी मात्र सैल. दोरीखाली वीतभर झोळ लोंबला पाहिजे. फार ताणलं की पक्षी चेंडूसारखा परत उडतो. फार सैल ठेवलं की एकाच झोळात दोघं-तिघं गुरफटतात. खालची दोरी जमिनीपासून इतकी वर की जड थ्रश पडला तरी झोळ दवाच्या गवताला टेकणार नाही. ओला झालेला पक्षी थंडीत पटकन गारठतो.

पानांबद्दल: पान ओढायचं नाही. देठ मोडून, पान चुरडून दोन्ही बाजूंनी काढायचं. वाऱ्याच्या दिवशी मेपलखालच्या गल्ल्या बंदच ठेवा. पानांनी भरलेलं जाळं पक्ष्याला दिसतं, ते उघडं ठेवून नेट-तास (जाळी किती तास उघडी होती त्याचा हिशेब) मोजणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. गल्लीच्या कडेची बर्डॉकची झुडपं हंगामाआधी कापा. त्यांच्या काटेरी बोंडांना किंगलेट नुसता चिकटूनही मरतो, जाळं नसलं तरी.

आणि बोटातली अंगठी, मनगटी घड्याळ, शर्टाची बटणं. पक्ष्याला कडं घालायला निघालेला माणूस स्वतःच्या अंगठीने जाळ्यात अडकलेला बघणं हा प्रत्येक केंद्रावरचा करमणुकीचा कार्यक्रम आहे.

सुगरण_नव्हे
किती वेळाने फेरी मारायची?

जाळीदार
अर्ध्या तासाने. गारठा, ऊन किंवा गर्दी असेल तर १०-१५ मिनिटांनी. पाऊस लागला की बंद. वारा जाळ्याचं शिड करू लागला की बंद. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडायचं आणि साधारण सहा तासांनी गुंडाळायचं. एक १२ मीटरचं जाळं एक तास म्हणजे एक नेट-तास. १२ जाळी सहा तास म्हणजे ७२. एखादं मध्येच बंद केलं तर ती वेळ लिहा, नाहीतर ‘शंभर नेट-तासांना इतके पक्षी’ हा आकडा खोटा पडतो.

थंडगार_वारा
गर्दीचा अंदाज आदल्या संध्याकाळीच येतो. थंड हवेची आघाडी सरकून गेली आणि वारा वायव्येचा झाला की रात्रभर वरून पक्षी वाहतात. दुसऱ्या सकाळी किती माणसं हाताशी आहेत ते बघून तेवढीच जाळी उघडा. बारा आहेत म्हणून बारा उघडायलाच हवीत असं नाही.

निर्मोही
पक्षी सोडवायचा कसा, हे कुणीच लिहिलं नाही. सगळे वयावरच भांडताहेत.

जाळीदार
पहिला प्रश्न एकच: पक्षी कोणत्या बाजूने शिरला? त्या बाजूला उभे राहा, झोळाचं तोंड उघडा, पोट दिसतंय का बघा. मग शेवटी अडकलेलं आधी सोडवा. बऱ्याचदा पाय. पाय पकडायचे ते सांध्याच्या वर, पिसं असलेल्या भागाशी. नुसती नडगी धरली आणि पक्षी फडफडला तर पाय मोडतो. पाय सुटले की कुशीवरून पंख, सर्वांत शेवटी डोकं. दुसरी शाळा आधी अंगालाच बँडरची पकड घालते आणि डोक्याकडून सोडवते. दोन्ही शिका, कोणता पक्षी कोणत्या रीतीने सुटेल ते त्याच्या गुंत्यावर असतं.

थ्रशची जीभ बघायची सवय लावा. जिभेच्या मागच्या काट्यांत धागा अडकतो. ओढलात तर जीभ फाटते. टूथपिकने धागा जिभेच्या टोकाकडून पुढे सरकवून काढायचा. दोन मिनिटांत जमलं नाही तर अनुभवी माणसाला हाक मारा, त्यालाही जमलं नाही तर धागा कापा. जाळं रफू होतं.

टोचणी
चिकडीबद्दल सावधगिरीची सूचना: नखाच्या मुळाशी नेमकं चोचवतो. अकरा ग्रॅमचा पक्षी, राग अकरा किलोचा.

जाळीदार
कार्डिनलपुढे चिकडी म्हणजे संत. त्याच्या चोचीत एक काडी द्या. तिला चावत बसतो, तोवर कडं घालून होतं.

निर्मोही
घराच्या मागे जाळं लावून असं शिकता येईल का?

बारीकनजर
नाही. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली परवान्याशिवाय पकडणंच गुन्हा आहे. परवाना आणि कडी मेरीलंडमधल्या पॅटक्सेंटची बर्ड बँडिंग लॅबोरेटरी देते, कॅनडात तिथलं बँडिंग कार्यालय. मुख्य परवानाधारकाच्या हाताखाली उपपरवाना घेऊन शिकायचं. कौशल्याची परीक्षा नॉर्थ अमेरिकन बँडिंग काउन्सिल घेते. हमिंगबर्डच्या कड्यांसाठी तर वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर जाळ्यातून सोडवून तिथेच उडवायचा.

मोजपट्टी
कड्याचं मापही सांगून टाकतो. कडी ॲल्युमिनियमची, शंभराच्या माळेत येतात. किंगलेटला ‘० ए’, बहुतेक वॉर्बलरना ‘०’ (आतला व्यास सुमारे २.१ मिमी), त्याहून जाड पायांना ‘१’ (सुमारे २.४), थ्रशना ‘१ बी’. जातीसाठी एकाहून जास्त मापं सुचवलेली असतील तर पायमापक लावून बघा.

भोकाच्या पक्कडीत कडं बसवताना फट पक्कडीच्या तोंडाकडे. एकदा हलकं दाबायचं, मग कडं पाव वळण फिरवून पुन्हा दाबायचं. दोन्ही टोकं एकमेकांना भिडली पाहिजेत. फट राहिली तर गवताचा धागा अडकतो. टोक टोकावर चढलं तर आतली कड पायाला कापते. चढलेलं कडं नखाने उघडायला जाऊ नका. दोन बारीक तारांचे फासे आतून घालून दोन्ही बाजूंना समान ओढा किंवा उघडणारी पक्कड वापरा. शेवटी कडं नडगीवर मोकळेपणी वरखाली सरकतं का, गोल फिरतं का ते बघा.

आकडा माळेवरून लिहू नका, पायावरच्या कड्यावरून वाचा, आणि लिहिणाऱ्याने तो परत मोठ्याने म्हणायचा. एखादं कडं माळेतून गळलं की पुढचे सगळे पक्षी एका आकड्याने चुकतात, आणि ते संध्याकाळी कळतं.

निर्मोही
पण मुळात इतकं करून हाती काय येतं? छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी दुसरीकडे पुन्हा सापडतात. त्यापेक्षा रेडिओ टॅग बरे. मोटस आहे (टॅगचे संदेश टिपणाऱ्या केंद्रांचं जाळं), जिओलोकेटर आहेत (उजेडाच्या नोंदीवरून जागा सांगणारं चिमुकलं यंत्र).

थंडगार_वारा
टॅगने जे कळतं ते कड्याने कळणार नाही, मान्य. ब्लॅकपोल वॉर्बलर शरदात अटलांटिकवरून न थांबता कॅरिबियनला जातो हे २०१५ साली अर्ध्या ग्रॅमच्या जिओलोकेटरांनी पक्कं केलं: पाच पक्षी, २२७० ते २७७० किलोमीटर, दोन-तीन दिवस. पण ते यंत्र काढायला पक्षी पुन्हा पकडावा लागला, तोही जाळ्यातच. आणि टॅगचं वजन पक्ष्याच्या तीन टक्क्यांत बसवायचं तर सगळ्यांना तो लावता येत नाही.

कड्याचं काम निराळं. तोच ब्लॅकपोल आज चरबी १, वजन १२.४ आणि सहा दिवसांनी त्याच जाळ्यात चरबी ४, वजन १६ असा आला तर ते झुडूप त्याला काय देतं हे कळतं. म्हणून शरदात चरबी बघणं वयाइतकंच महत्त्वाचं. पोटावर आणि गळ्याखालच्या खळग्यावर फुंकर मारायची. खळगा रिकामा आणि लालसर असेल तर शून्य. पिवळी चरबी काठोकाठ भरली, फुगून वर आली, पोटावरही पसरली की वरचे अंक. प्रमाण ० ते ५ आहे, ० ते ७ आहे की ० ते ८, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नाहीतर दहा वर्षांनी तुमच्या ‘५’चा अर्थ कुणालाच लागणार नाही.

मोजपट्टी
+१. तेच पंखाबद्दल. उत्तर अमेरिकेत पंख नैसर्गिक बाक ठेवून मोजतात, युरोपात बरेचदा सपाट दाबून आणि सरळ करून. दुसऱ्या पद्धतीत तोच पंख लांब भरतो. वयाच्या संकेतांचाही तोच घोळ: त्याच वर्षीच्या पिल्लाला उत्तर अमेरिकेत ‘२’ लिहितात तर युरोपात ‘३’.

आता कडेलोट यांच्या ‘पंखाची लांबी सोडून द्या’कडे येतो. पेनसिल्व्हेनियातल्या पॉवडरमिलला १९६१ पासून बँडिंग चालू आहे. तिथल्या २००६ पर्यंतच्या मोजमापांतून दिसलं की बऱ्याच जातींचे पक्षी वजनाने आणि पंखांनी किंचित किंचित लहान होत आलेत. फरक इतका बारीक की ‘गर्दी होती म्हणून मोजलं नाही’ असे दिवस मध्ये घातले असते तर दिसला नसता. त्यातही गर्दीचे दिवस म्हणजे आघाडीनंतरचे दिवस, म्हणजे नुकतेच उतरलेले पक्षी. नेमके तेच गाळले तर उरलेली सरासरी मुक्कामाला थांबलेल्यांची होते.

कडेलोट
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. पण मग ४० पिशव्या लटकत असताना काय करायचं ते सांगा.

जाळीदार
मोजमाप नव्हे, जाळी कमी करायची. सर्वांत जास्त पक्षी येणारं जाळं आधी बंद. बंद केल्याची वेळ लिहिलेली असली की आकडेवारीचं नुकसान कमी.

पिशव्यांची रांग आली त्या क्रमाने घ्यायची नाही. आधी किंगलेट आणि तत्सम चिमुकले, मग ज्याने डोळे मिटलेत किंवा पिसं फुगवलीत तो, मग वॉर्बलर, शेवटी दणकट स्पॅरो आणि ‘जे’ नावाचे पक्षी. एका पिशवीत एकच पक्षी. पिशवीची शिवण बाहेरच्या बाजूला, कारण आतल्या सुट्या धाग्यात नख अडकतं. ज्याच्या चेहऱ्यावर किंवा पायावर देवीसारख्या गाठी दिसतात त्याची पिशवी बाजूला टाका, हात धुवा, पक्कड पुसा. फिंचचा डोळा सुजलेला असेल तरी तेच.

एवढं करूनही आवरत नसेल तर कडं न घालता सोडा. उडून गेलेल्या पक्ष्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

निर्मोही
मरतात किती, ते पण लिहा. या विषयावर सगळे गप्प बसतात.

बारीकनजर
गप्प बसायचं कारण नाही. २०१२ साली अमेरिका-कॅनडातल्या २२ संस्थांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या: इजा ०.५९ टक्के, मृत्यू ०.२३ टक्के. शून्य नाही. हजारात दोन-तीन पक्षी. म्हणूनच प्रत्येक इजेची नोंद हवी: कोणत्या जाळ्यात, कोणत्या फेरीत, कुणाच्या हातात. एकाच जाळ्यात पंख लचकणारे वारंवार दिसले तर त्या जाळ्याचा ताण चुकलाय.

पिसारीलाल
मूळ प्रश्नाकडे वळू या, नाहीतर कडेलोट धाग्याचं नाव बदलतील.

किनाऱ्यावरच्या केंद्रांवर शरदात त्याच वर्षीची पिल्लं अनेकदा ९० टक्क्यांच्या पुढे असतात. प्रौढ आतल्या भूभागावरून जातात आणि वाट न सापडलेली पिल्लं काठाला लागतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात. आता हिशेब करा. १०० पक्षी, त्यांतली ९० पिल्लं. डोळे मिटून सगळ्यांना ‘पिल्लू’ लिहिलं तरी तुम्ही ९० टक्के बरोबर! म्हणून ‘माझं वय बहुतेक बरोबर येतं’ याला शरदात काही अर्थ नाही.

आता ऑक्टोबरअखेर नुसती कवटी बघा. ९० पिल्लांपैकी समजा पाचांची कवटी पूर्ण भरलेली. ती पाच प्रौढांत जाऊन बसली. प्रौढ १० चे १५ झाले. चूक पाचच पक्ष्यांची, पण प्रौढांचं प्रमाण दीडपट. आणि त्या वर्षी वीण कशी झाली याचा अंदाज नेमक्या याच प्रमाणावरून बांधतात.

कडेलोट
हा हिशेब पटला. ‘कवटी पुरे’ मागे घेतो. पण उलटही म्हणा: सप्टेंबरात नुसती पिसं बघणाराही तेवढाच चुकतो.

पिसारीलाल
शंभर टक्के. दोघांचं जमलं तर वय लिहा. दोघांचं भांडण झालं तर पुन्हा बघा. तरी मिटत नसेल तर ‘अनिश्चित’चा संकेत ० लिहा.

टोचणी
० लिहिला की वरिष्ठ असं बघतात जणू आपणच पक्षी पाडला.

बारीकनजर
वरिष्ठांना ब्लॅकपोल आणि बे-ब्रेस्टेड वॉर्बलरची शरदातली पिल्लं शेजारी धरून दाखवायला सांगा. पायाच्या तळव्याकडे न बघता. (ब्लॅकपोलचे तळवे पिवळे, नडगी कितीही गडद असो.) आणि आल्डर-विलो फ्लायकॅचरमध्ये तर हातात धरूनही बहुतेक सगळे ‘ट्रेल्स’ (दोघांचं मिळून एकच नाव) एवढंच लिहितात. खात्री नसलेलं न लिहिण्याची रीत तिथे चालते, मग वयात का नको?

कडेलोट
बरं, मग असा क्रम चालेल का? कडं आधी, म्हणजे पक्षी निसटला तरी आकडा पक्का. मग पंख एकदा उघडून आच्छादकं आणि प्राथमिक आच्छादकं. दिवा लावून कवटी. शेपटीची टोकं. फुंकर मारून चरबी. पंखाची लांबी. शेवटी नळीत डोकं खाली करून वजन आणि तिथूनच मोकळा. कवटीत काय दिसलं ते आणि पिसांत काय दिसलं ते वेगवेगळ्या रकान्यांत, म्हणजे वयाचा निर्णय कशावरून घेतला ते नंतर तपासता येईल.

मोजपट्टी
चालेल. एक बदल: सरावलेला नसेल तर शेपटीची टोकंही कवटीच्या आधीच. कवटीत खिडकी दिसली की पिसांत सीमा ‘दिसायला’ लागते.

आणि वजनकाट्याला वारा लागू देऊ नका. झुळूक आली की ०.१ ग्रॅमचा काटा नाचतो. दर सकाळी ठरावीक वजन ठेवून तपासा.

सुगरण_नव्हे
एखाद्याला कडं घातलेला मेलेला पक्षी रस्त्यात सापडला तर?

बारीकनजर
आकडा सगळा वाचा, कडं वितळल्यासारखं झिजलेलं असेल तर फोटो काढा, आणि ‘रिपोर्टबँड डॉट जीओव्ही’वर तारीख-ठिकाणासह कळवा. कुठे, कधी, किती वयाचा असताना कडं घातलं ते तुम्हाला उलट कळवतात. तेव्हा ते वय कुणीतरी घाईत लिहिलेलं नसावं, एवढीच अपेक्षा.

थंडगार_वारा
सगळ्यांनी एक गोष्ट वहीत टाका: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. नोंदी अख्खा हंगाम प्रमाण वेळेतच ठेवा, नाहीतर ‘सकाळी सातची फेरी’ एका दिवसात तासाने सरकते.

अवांतरराव
माझी पानं अजून जाळ्यातच आहेत.

जाळीदार
देठ मोडा. ओढू नका.